पत्त्यावरचं 'श्रीमती'

शेवंतीवहिनी,

हा मजकूर कुठल्या पाकिटात जाणार नाही, टपालवाल्याच्या पिशवीतही पडणार नाही. बरंच झालं. पत्ता लिहायची वेळ आली असती तर तुमच्या नावाआधी काय लिहू, इथेच मी अडून बसले असते. आणि तुम्ही हसत म्हणाला असता, बाई, अजून तिथंच काय? हो, अजून तिथंच आहे.

तुमच्यामागे लोक जे बोलतात ते सगळं मी ऐकलं. भरल्या कपाळाने गेली, नवरा उशाशी असताना गेली, भाग्याची बाई. मला त्यात भर घालायची नाही. मला बोलायचं आहे ते आपल्या दोघींच्या पत्रांबद्दल. कारण कागदावर मी जितकी शूर होते तितकीच तुमच्यासमोर यायच्या बाबतीत भित्री होते, आणि परवा तुमच्या तेराव्याला ते पुन्हा एकदा, सगळ्यांदेखत, सिद्ध झालं. मला स्वतःची लाज वाटते आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलता येईल.

पूर्णगडच्या अलीकडे, खाडीकाठच्या तुमच्या वाडीत मी शाळेवर रुजू झाले तेव्हा मला डी.एड. होऊन वर्षही झालं नव्हतं. रत्नागिरी सोडून एकटी कधी राहिले नव्हते. हेडगुरुजींनी तुमच्या पडवीला लागून असलेली खोली दाखवली, आणि तुम्ही दारात उभं राहून पहिला प्रश्न विचारलात तो मासे खाता काय, हा. खाते म्हटल्यावर तुमचा जीव भांड्यात पडला. भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं आणि तेही हेडगुरुजींनीच काढलं म्हणून.

घरात तुम्ही, तुमच्या सासूबाई, ज्यांना सगळी वाडी आत्याबाय म्हणे, धाकटे दीर आणि त्यांची बायको. तुमचे यजमान, म्हणजे आमचे दादा, मालाच्या बोटीवर इंजिनखान्यात. दोन-दोन वर्षं घराचं तोंड बघायचे नाहीत. तुम्ही माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठ्या, पण त्या वर्षी श्रावणात मी तापाने पडले तेव्हा माझ्या आईने केलं नसतं इतकं तुम्ही केलंत. पेजेचा वाडगा तोंडाला लावून बसायचात आणि मी तोंड फिरवलं की म्हणायचात, "गिळा मुकाट्यानं. शाळेत पोरांवर वरडता ना, तसं मी वरडेन."

दादांना पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं ते त्याच सुमारास. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. पण मला मेलीला धीर कुठला? तुम्ही म्हणायचात, लिवा, वायंगणाचं भात बरं आलंय, म्हशीचा पाय बरा झाला, तुमी दात दाखवलात काय डॉक्टरला. आणि मी लिहायची, 'आपल्या आगमनाकडे डोळे लावून बसले आहे.' एकदा तुम्ही मला ते सगळं परत वाचायला लावलंत. वाचून झाल्यावर तुम्ही पदर तोंडाला लावून हसत सुटलात. दादांना वाटेल हिनं दुसरं लगीन केलं, म्हणालात. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाटी घेऊन माझ्यासमोर बसलात. माझं मी लिवीन. तुमच्याइतकी चांगली विद्यार्थिनी मला त्यानंतर मिळालेली नाही, हे काही तुम्ही गेलात म्हणून म्हणत नाही.

मग ते मे महिन्यातलं शिबिर. मी सुट्टीला रत्नागिरीला आले होते आणि मुंबईहून एक बाई बोलायला आल्या होत्या. पुरुषाच्या नावाआधी जन्मभर एकच श्री. बाईच्या नावाआधी मात्र तिच्या नवऱ्याची तब्येत लिहायची, असं त्या म्हणाल्या. कुमारी, सौभाग्यवती, गंगाभागीरथी. मला ते इतकं पटलं की मी त्या दिवसापासून सरसकट सगळ्या बायकांना श्रीमती लिहायला लागले. सख्ख्या आईला कार्ड टाकलं तेव्हाही. आईने ते कार्ड बाबांच्या अंगावर फेकलं आणि म्हणाली, बघा, तुम्ही गेलात म्हणे.

तुमच्याशीही मी यावर तावातावाने बोलले होते. तुम्ही मागच्या दारी बांगडे साफ करत होतात. मी उभी राहून भाषण ठोकत होते. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तुमचं खरं हाय बाई. पण हे टपालवाल्याला कोण सांगणार?"

मी हसले. मला वाटलं, तुम्हाला मुद्दा कळला नाही.

त्या वर्षी गोकुळाष्टमीनंतर दादांचं पत्र आलं नाही. गणपती गेले, दसरा गेला. तुम्ही बोलून दाखवत नव्हतात, पण टपालवाला वाडीत शिरला की तुमच्या हातातलं काम थांबायचं. दिवाळीच्या सुट्टीला मी घरी निघाले तेव्हा तुम्ही एसटीपर्यंत आलात आणि एवढंच सांगितलंत, की मिरकरवाड्यात दादांच्या बोटीवरचा एक माणूस रजेवर आलाय असं कानावर आहे, बघाल काय. आणि काय ते लगेच लिवा, मी वाचीन.

मी खरंच दुसऱ्याच दिवशी गेले. बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत त्याचं घर सापडलं. तो म्हणाला, बोट कुठल्याशा बंदरात दुरुस्तीला अडकली आहे, तिथून टपालच निघत नाही, पण तुमचा माणूस ठणठणीत. "दाढी वाढवलीन हाय नुसती," असंही म्हणाला. मी धावतच पोस्टात गेले. निळं अंतर्देशीय घेतलं, तिथेच उभ्याउभ्या लिहिलं. दादा खुशाल आहेत, काळजी करू नये, दाढीचंही लिहिलं. घडी घातली, चिकटवलं आणि पत्ता लिहिला. श्रीमती शेवंती, आणि पुढचं सगळं. हात जरासुद्धा थांबला नाही.

तुमच्या वाडीत श्रीमती नावाने टपाल येणारी बाई एकच होती. पलटणीतल्या त्या म्हाताऱ्याची विधवा, जिला पेन्शनीचे कागद येत. टपालवाल्याच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ तेवढाच होता. पुढचं मी हेडगुरुजींच्या कार्डावरून आणि नंतर तुमच्या धाकट्या जावेकडून ऐकलं. तुम्ही स्वतः कधीच सांगितलं नाहीत.

टपालवाला नेहमीसारखा अंगणात उभा राहून पत्ता मोठ्याने वाचायला लागला आणि पहिल्याच शब्दाला थांबला. आत्याबायनी विचारलं काय झालं. तो म्हणाला, बाईंचं पत्र आहे रत्नागिरीहून, आणि श्रीमती लिहिलंय. त्याने ते त्यांच्या हातात दिलं नाही, अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवलं. वाईट बातमीचा कागद घरात न्यायचा नाही, हे त्याला ठाऊक होतं. आत्याबायना वाचता येत नव्हतं. पण बाई चौकशीला गेल्या होत्या हे सगळ्या वाडीला माहीत होतं, आणि बाई शिकलेल्या. त्यांच्या हातून चूक कशी होईल? माझ्या शिक्षणावर त्या माणसांचा एवढा विश्वास होता, वहिनी, की तुमचं कपाळ पुसायला त्यांना आतला मजकूर वाचायची गरज वाटली नाही.

तुम्ही ओहोटीला खाडीत मुळे, शिंपल्या काढायला गेला होतात. तुम्हाला ओढत वर आणलं. तुमचे पाय चिखलाने भरलेले होते, धाकटी सांगत होती. तुम्ही रडला नाहीत, तुम्ही म्हणालात, "तो कागद मला द्या. मला वाचता येतं." कुणी दिला नाही. असला कागद बाईने फोडायचा नाही, पुरुषाने फोडायचा, आणि दीर बागेत कलमांना आळी करायला गेलेले. ते येईपर्यंत तुमचं कुंकू गेलं होतं आणि काकणं दगडावर फुटली होती. मग त्यांनी कागद फोडला आणि वाचला. दादा खुशाल आहेत, काळजी करू नये.

इथवर झालं ती चूक. माझी, टपालवाल्याची, जुन्या चालीची, वाटून घेता आली असती. तुम्ही जगलात त्या चुकीतून. मला लाज वाटते ती पुढच्याची.

हेडगुरुजींचं कार्ड मिळालं तेव्हा मी पहिल्या गाडीने तुमच्याकडे यायला हवं होतं. मी काय केलं? टेबलाशी बसून पत्र लिहिलं. चार पानं. त्यात एका ओळीत मला वाईट वाटल्याचं होतं आणि बाकी सगळीकडे श्रीमती हा शब्द कसा सन्मानाचा, सौभाग्य ही कल्पना कशी बाईला बांधून ठेवणारी, आणि एका शब्दावर माणसाला मेलेला समजणारी रीत कशी बदलली पाहिजे. एकेक वाक्य घासूनपुसून लिहिलेलं. ज्या बाईच्या मनगटावर काचेचे ओरखडे अजून ओले होते तिला मी समाजप्रबोधन करत होते. ते पत्र तुमच्या दिरांनी पडवीत बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. आत्याबायनी शेवटपर्यंत ऐकलं, मग विचारलं म्हणे, "ह्यात येते कधी ता लिवलान काय?"

ते मी लिहिलं नव्हतं.

मग तुमचं पत्र आलं. तुमच्या हातचं पहिलं. पहिलं दादांना लिहायचं तुम्ही ठरवलं होतंत, आलं ते मला. ओळी वर चढत गेलेल्या, वेलांट्या कुठेही. तुम्ही लिहिलं होतंत, तुमी लिवलंत ते मला समजलं नाय असं नाय. पण आत्याबाय म्हणतात बाईनं आत समजूत घातली आणि भायेर खरं निसटलं. त्यांना कागद नको, तुमी पायजे. तुमी येऊन अंगणात उभं राहून सांगा की तुमी सगळ्यांनाच असं लिवता. मग काकणं भरतील. मग आपण भांडू. लिवून भांडता येत नाय.

आत्याबायचं म्हणणं वेडं होतं का? मला आज नाही वाटत. शिकलेल्या बाईने आतल्या पानावर दया दाखवली आणि पत्ता लिहिताना सवयीने खरं लिहून गेली, असं एखाद्या आईला वाटणारच. ते खोडायला समोर उभं राहणारं माणूस लागतं. एक अर्ध्या दिवसाची एसटी आणि अंगणात उभं राहून चार शब्द, यापलीकडे तुम्ही माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि ते जगात माझ्याशिवाय कुणीच देऊ शकत नव्हतं.

मी आले नाही, वहिनी. सुट्टी संपली तेव्हा ओळखीच्या डॉक्टरकडून काविळीचा दाखला घेतला आणि रजा वाढवली. बाबा माझ्या बदलीच्या खटपटीत आधीपासून होतेच. मी नको नको म्हणत होते ती आता गप्प बसले. माझी ट्रंक हेडगुरुजींनी एसटीच्या टपावर टाकून पाठवली. ट्रंकेत माझ्या लुगड्यांवर तुम्ही कोकमांची पुडी ठेवली होती, चिठ्ठी नव्हती. मी घरात सांगितलं की तिथलं पाणी मला मानवलं नाही.

आत्याबायचा हुकूम कायम राहिला. बाई येईल किंवा पोरगा येईल, तोवर हात तसेच. दादांचं पत्र येत नव्हतं ते नव्हतंच. संक्रांतीला वाडीतल्या कुणी तुम्हाला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. बोलावणार तरी काय म्हणून? तुम्ही मागच्या दाराने पाणी भरायला जायचात, हे मला धाकटीने एकदा बाजारात भेटल्यावर सांगितलं. मी ऐकलं आणि तिच्या हातात तुमच्यासाठी तिळाच्या वड्या दिल्या. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

शिमग्याला दादा आले. दाढीसकट. पालखी अंगणात नाचत होती तेव्हा आत्याबायनी सगळ्या गावासमोर तुमचे हात काकणांनी भरवले, असं हेडगुरुजींनी कळवलं. मी ते कार्ड वाचून रडले. आनंदाने रडले असं तेव्हा वाटलं होतं. खरं तर सुटल्यासारखं झालं होतं, माझ्यावाचून सगळं निभावलं म्हणून.

त्यानंतर तुम्ही माझं नाव टाकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत. रत्नागिरीला आलात की आमच्या घरी चहाला यायचात, आईशी सुकटीच्या भावावर बोलायचात, माझ्या शाळेची चौकशी करायचात. एकदा आरे-वारेला कुणाच्या लग्नाला जाताना मला ओढून घेऊन गेलात आणि वाटेत सगळी मिळून इतकं हसलो की ड्रायव्हरने गाडी थांबवून विचारलं काय झालं म्हणून. त्या एका गोष्टीवर मात्र तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही नाही. तुम्ही म्हटलेलं भांडण राहूनच गेलं.

पत्रं मात्र चालू राहिली. तुमचं अक्षर सुधारत गेलं आणि माझं धैर्य आटत गेलं. मी आता पत्त्यावर ठळक अक्षरात सौ. लिहीत होते. तुम्हालाच नाही, सगळ्यांना. शाळेच्या हजेरीपटावर, निमंत्रणांवर, आईच्या कार्डावर. कुणाला कळलंही नाही. तुम्हाला कळलं. एका पत्राच्या शेवटी, आंब्याच्या मोहोराबद्दल लिहिता लिहिता, तुम्ही विचारलंत, बाई, सौ. लिवता ते पटलं म्हणून लिवता की भ्यालात म्हणून? पटलं असलं तर लिवा. भिऊन नको.

मी उत्तर पाठवलं. त्यात आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं असं होतं.

या वर्षी तुम्हाला सिव्हिलमध्ये आणलं तेव्हा मी शाळा सुटल्यावर रोज येत होते. पेज मी करून आणायची आणि तुम्ही तोंड फिरवायचात. अंगात ताकद नव्हती, पण जीभ तीच. एके दिवशी म्हणालात, तिशी उलटली तरी शाळेच्या पाटीवर तुमच्या नावाआधी कु. लिवतात, लाज नाय वाटत काय? शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. तेव्हा बोलायला हवं होतं. खाट होती, वेळ होता, तुमचा हात माझ्या हातात होता. मी वाडगा विसळायला उठले.

परवा तेराव्याला मी आले. त्या वाडीत इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. आत्याबाय पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या; त्यांना आता दिसत नाही. माझा आवाज ऐकून त्यांनी मला जवळ बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, तिचं पान मांडायचं चाललं होतं. पाट, भोवती रांगोळी, शेजारी हिरवं लुगडं. दादा माझ्यापाशी आले. टोपी काढून हातात धरलेली होती.

ते म्हणाले, पाटावर तुम्ही बसायचं. जाण्याआधी तुम्हीच त्यांना तसं सांगून ठेवलं होतंत, वहिनी. सवाष्ण म्हणून बाईला बसवा.

वहिनी, मी बिनलग्नाची. माझ्यासारखीला कुणी त्या पाटावर बसवत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पडवीतल्या बायका ऐकत होत्या. एकीने दुसरीकडे पाहिलं. शिबिरातून आलेली, चार पानी पत्र लिहिणारी मी. आणि म्हणाले काय, तर दादा, बरं दिसायचं नाही, लोक काय म्हणतील, वडीलधाऱ्यांना आवडायचं नाही. आत्याबाय तिथेच होत्या. त्या काहीच म्हणत नव्हत्या.

दादांनी मान हलवली. रागावले नाहीत.

"ती बोलली व्हती, बाई असंच म्हणतील म्हणून," ते म्हणाले. "असं म्हणाल्या तर आग्रह करू नका बोलली. धाकटीला बसवा बोलली."

मला वाटतं मी 'बसते' म्हणायला उठलेही होते. पण तोवर धाकटी पाटावर बसली होती आणि तिच्या कपाळाला कुंकू लावून झालं होतं. मी बायकांच्या पंक्तीत शेवटच्या पानावर जेवले. वाढणाऱ्यांनी मला दोनदा विचारलं, काही हवं का.